रविवारचं विमान

"मॅडम, आप इधर आ जाइए," काउंटरवरच्या मुलीने हाक मारली तेव्हा रांगेत माझ्या पुढे तीस-पस्तीस माणसं होती. जानेवारीतला शनिवार, दुपारचे दोन. चंडीगडला पहाटेपासून धुकं पडलं होतं. काचेच्या भिंतीपलीकडे नुसता पांढरा पडदा. त्यात मधूनच एखाद्या गाडीचा पिवळा दिवा फिरताना दिसायचा आणि विझल्यासारखा नाहीसा व्हायचा. बाराच्या सुमाराला धुकं विरलं, ऊन पडलं, सगळ्यांना हुरूप आला. पण तोवर विमानं जिथल्या तिथे अडकली होती आणि आम्हाला पुण्याला न्यायला जे विमान यायचं ते निघालंच नव्हतं. आमचं उड्डाण रद्द झालं. घोषणा पुरती संपायच्या आत लोक उठून काउंटरकडे धावले. माझ्या मागे एक आजी होत्या. नऊवारी, वरून लोकरीचा स्वेटर, कानाला घट्ट बांधलेला मफलर, पायात मोजे आणि त्यावर चपला. हातातल्या कापडी पिशवीत स्टीलचा रिकामा डबा होता. रांग पुढे सरकली की त्याचं झाकण वाजायचं. मी घरी फोनवर बोलत होते ते त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "पुण्याच्या का वो तुमी?" मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम सैलावला.

अर्धा तास आम्ही मागे-पुढे उभ्या होतो. साताऱ्याकडच्या होत्या. मुलगा फौजेत, चंडीमंदिरला. सुनेच्या बाळंतपणाला आल्या होत्या, सव्वा महिना होताच निघाल्या. डिंकाचे लाडू आणले होते, तो डबा आता रिकामा परत चालला होता. "सोमवारी टोळी येणार हाय उसाला," त्या म्हणाल्या. "एकदा का टोळी दुसऱ्याच्या फडात गेली, की पंधरा दिस हाताला लागत न्हाई." मी मान डोलावली. इतक्यात काउंटरवरच्या मुलीचं लक्ष माझ्या बॅगेच्या मुठीला लटकणाऱ्या सोनेरी टॅगकडे गेलं आणि तिने मला बाजूच्या काउंटरवर बोलावलं. तिथे रांग नव्हती. तिने माझं नाव घेऊन नमस्ते केलं, गैरसोयीबद्दल माफी मागितली, पाच-सहा वेळा कीबोर्डवर बोटं चालवली आणि म्हणाली, दिल्लीमार्गे आज रात्री पुण्याला पोचता येईल, पण एकच सीट आहे, लगेच सांगा. मी मागे वळून पाहिलं. आजी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. "तुमचं कार्ड हाय न्हवं," त्या तिथूनच म्हणाल्या, "जावा तुमी."

मी गेले.

त्याला आता दोन हिवाळे झाले. मी काही चुकीचं केलं नाही, हे माझ्या नवऱ्याने मला सांगितलं, मैत्रिणींनी सांगितलं, मी स्वतःलाही सांगितलं. नियमाप्रमाणे ती सीट माझीच होती. तरी एखादा खडा चपलेत अडकावा आणि काढायला जागा मिळू नये, तशी ती दुपार अजून टोचते. आणि या टोचणीमुळेच मला पहिल्यांदा नीट विचार करावासा वाटला, की सतत उडणाऱ्या गिऱ्हाइकाला विमान कंपनी वरचा दर्जा म्हणून देते त्या ज्या सोनेरी टॅगची इतकी वर्षं मी एवढी जपणूक केली, त्यातलं मला नेमकं काय हवं होतं?

माझं काम औषधांच्या कारखान्यांची गुणवत्ता तपासणी करण्याचं. बद्दी, हैदराबाद, अहमदाबाद, विशाखापट्टणम. बद्दीला जायचं तर चंडीगडला उतरायचं आणि पुढे गाडीने. महिन्याला सात-आठ उड्डाणं, अशी चौदा वर्षं. या धंद्यात भेटणारी माणसंही तशीच, बॅग सदा भरलेली. विमानाला उशीर झाला की आमच्या गप्पा हटकून एकाच विषयावर येतात. उड्डाणांवर मिळणारे पॉइंट कुणाचे किती झाले, कुणाचा दर्जा घसरला, कुठल्या कार्डावर काय मिळतं. आमच्यातला एक जण लाउंजवर जीव टाकतो. पण आता बँकांच्या साध्या कार्डांवरही लाउंज मिळू लागल्यापासून तिथे इडलीच्या भांड्यापुढे लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी असते, आणि बँकाही हल्ली अमुक इतका खर्च केलात तरच आत, असं म्हणायला लागल्यात. दुसऱ्या एकाला फक्त सीट हवी. पुढून तिसरी-चौथी रांग, कडेची, गुडघा पसरायला जागा. त्याचा गुडघा खरंच दुखतो, त्यामुळे त्याचं मला पटतं. एका बाईंची मुलगी टोरांटोला शिकते. त्यांना सगळ्यात मोलाचं वाटतं जास्तीचं सामान. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या गोल्ड दर्जाच्या माणसाला वीस किलो किंवा एक बॅग जास्तीची नेता येते, आणि त्या एका बॅगेत वर्षभराचं मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, दोन साड्या आणि प्रेशर कुकरची नवी रिंग मावते. त्या बाई ही यादी सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जी चमक येते ती पाहिली की वाटतं, सवलतीचा याहून चांगला उपयोग नसेल.

माझ्यापुरतं विचाराल तर मी बरीच वर्षं सांगत असे, की मला पॉइंट आवडतात. आकडा वाढताना बघायला बरं वाटायचं. पण पॉइंटांचं गणित बदलत गेलं आणि त्यातली गंमतही उतरली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला ॲडव्हान्टेज ही मैल जमवायची योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने आपलं मायलेज प्लस आणलं, तेव्हा हिशेब साधा होता. जितके मैल उडालात तितके मैल खात्यावर. लांबचा प्रवास करणाऱ्या शिक्षकाला आणि कारखानदाराला अंतर सारखंच. मग २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने, पुढच्या वर्षी अमेरिकनने, मैलांऐवजी तिकिटाला मोजलेले पैसे धरायला सुरुवात केली. आपल्याकडेही एअर इंडियाने २०२४ मध्ये तीच वाट धरली. म्हणजे आदल्या रात्री कंपनीने घाईघाईत काढलेल्या महागड्या तिकिटावर मला भरपूर पॉइंट, आणि तीन महिने आधी, पैशाला पैसा जोडून तिकीट काढणाऱ्याला अगदी थोडे. पैसे कंपनीचे, पॉइंट माझे. हे मला पहिल्यापासून थोडं खुपत आलं आहे, तरी मी ते कधी नाकारले नाहीत.

पॉइंट हे चलन खरं कुणाचं, हे कोविडमध्ये उघड झालं. २५ मार्च २०२० ला देशातली विमानं थांबली ती दोन महिने. मी घरात बसून पोळ्या लाटत होते आणि लोहगावच्या दिशेचं आकाश पहिल्यांदाच इतकं गप्प होतं. पुण्यात राहणाऱ्यांना माहीत आहे, हवाई दलाची विमानं सोडली तर त्या दिवसांत काहीच वाजत नव्हतं. त्याच वर्षी युनायटेडने आपला मायलेज प्लस तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. पुढच्या वर्षी अमेरिकनने ॲडव्हान्टेजच्या जोरावर १,००० कोटी डॉलर. विमानं जमिनीवर उभी होती, त्यांचं मोल कुणी विचारत नव्हतं, आणि सावकाराला पटली ती आमच्या येण्याजाण्याची वही. बँका या कंपन्यांकडून घाऊक भावाने पॉइंट विकत घेतात आणि आपल्याला कार्डावर वाटतात, त्यातून दरवर्षी खात्रीचा पैसा येतो, हे मी तेव्हा वाचलं. वाचून जरा हबकले. मला वाटत होतं की मी काहीतरी साठवतेय. खरं तर कुणीतरी माझी सवय साठवत होतं.

आपल्याकडे तर कंपन्याच बंद पडतात. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे जेट एअरवेजचं शेवटचं विमान निघालं तेव्हा मैलांची योजना चालवणारी जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी असल्यामुळे लोकांचे मैल शाबूत राहिले आणि पुढे इंटरमाइल्स या नावाने चालू राहिले. पण निळं, चंदेरी, सोनेरी, प्लॅटिनम ती सगळी कार्डं खिशात राहिली आणि ज्या दारात ती दाखवायची ते दारच उरलं नाही. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिचे पॉइंट एकास एक या हिशेबाने एअर इंडियाच्या महाराजा क्लब या पॉइंटांच्या योजनेत आले. त्या आठवड्यात आमच्या गप्पांत कुणी नव्या विमानांबद्दल बोललं नाही, जेवणाबद्दल बोललं नाही. सगळे रोज ॲप उघडून आकडा आला का एवढंच बघत होते. पिढ्यान्‌पिढ्या पोस्टाच्या पुस्तकावर नोंद झाली की नाही हे तपासत आलेली आपण माणसं. लिहिलेलं पुसलं जाणार नाही, एवढा शब्द मिळाला तरी आपण पुष्कळ सोसतो.

माझे बाबा अठ्ठावीस वर्षं डेक्कन क्वीनने मुंबईला जात. फोर्टातली नोकरी. सकाळी सव्वासातला पुण्याहून गाडी, संध्याकाळी पाच-दहाला तिकडून. त्यांच्याकडे महिन्याचा पास असे, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला, कडा मऊ पडलेल्या. पासवाल्यांचा डबा वेगळा. त्या डब्यात कोण कुठे बसतं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि तरी सगळ्यांना पाठ होतं. मी बारा-तेरा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले. लोणावळ्याच्या पुढे घाट लागला, बोगद्यांत दिवे लागायला लागले, आणि डायनिंग कारचा वेटर ट्रे घेऊन आला. त्याने कुणालाही काही न विचारता चहाचे कप ठेवत नेले. बाबांच्या पुढ्यातला कप ठेवताना नुसतं "बिनसाखरेचा" म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "ताईंना ऑम्लेट?" मला तेव्हा वाटलं, माझे बाबा फार मोठे गृहस्थ असले पाहिजेत. त्यांना एकदा टायफॉइड झाला तेव्हा चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी फोन आला, साहेब दिसले नाहीत, बरे आहेत ना? फोन करणाऱ्याचं नाव बाबांना माहीत नव्हतं. "ते खिडकीतले," एवढंच म्हणाले. दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर त्या गाडीचा वाढदिवस होतो, १९३० सालच्या त्या दिवसापासून ती धावते म्हणून. हार घालतात, केक कापतात. बाबा निवृत्त झाल्यावरही त्या दिवशी पहाटे उठून स्टेशनवर जायचे. प्रवास करायला नाही, नुसते जायचे.

विमानाच्या प्रवासात शेजारचा माणूस मला कधी दुसऱ्यांदा भेटला नाही. मला ओळखते ती यादी. पण त्या यादीला मी उगाच नावं ठेवणार नाही. बाबा गेले, तेरावं झालं आणि सोळाव्या दिवशी मी हैदराबादच्या विमानात बसले. बसल्यावर हातात घेतलेलं मासिक उघडलंच गेलं नाही. वरिष्ठ हवाई सुंदरी टॅबलेट घेऊन रांगांमधून आली, माझ्यापाशी थोडी वाकली, माझं नाव घेतलं आणि म्हणाली, "बरेच दिवसांनी येताय मॅडम, बरं वाटलं." तिच्या यादीत माझी मागच्या उड्डाणाची तारीख असणार. तिने तेच वाक्य पुढच्या रांगेतही कुणाला तरी म्हटलं असेल. मला ते सगळं माहीत होतं आणि तरी माझे डोळे भरून आले. तिने पाण्याची बाटली आणून दिली, काही विचारलं नाही. त्या दिवसानंतर कुणी म्हणालं की ही सगळी धंद्याची वागणूक असते, तर मी वाद घालत नाही, पण मला ते पुरतं पटतही नाही.

दर्जा टिकवण्यासाठी मी एकदा गोव्याला जाऊन आले, तेही इथे लिहिते. मुदत संपायला आठवडा राहिला होता आणि दोन उड्डाणं कमी पडत होती. काम काहीच नव्हतं. मी स्वतःच्या पैशांनी पुणे-गोवा-पुणे तिकीट काढलं, सकाळी गेले, दुपारी आले. दाबोळीला उतरताना उजवीकडच्या खिडकीतून समुद्र दिसला, पाण्यावर दोन होड्या, किनाऱ्याची फेसाची रेघ. मग तीन तास मी विमानतळावरच्या लोखंडी खुर्चीवर बसून राहिले. बाहेर पडून काजूची पाकिटं घ्यावीत असंही वाटलं नाही. शेजारी एक नवं जोडपं बसलं होतं, त्यांच्या चपलांना वाळू चिकटलेली होती. फरशीवर ती सांडत होती आणि मी त्या वाळूकडे बघत बसले होते. घरी आल्यावर आईने विचारलं, "समुद्रावर गेली होतीस?" मी नाही म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही, पण जेवताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. सोनेरी टॅग आणखी वर्षभर राहिला. चंडीगडच्या धुक्यात माझ्या बॅगेला लटकत होता तो हाच.

त्याच आईला आणि मावशीला मी पुढे पॉइंटांवर काशीला पाठवलं. पॉइंटांवर सीट मिळवणं म्हणजे सणाच्या दिवसांत एसटीत खिडकी मिळवण्यासारखं, असते पण आपल्याला हवी तेव्हा नसते. महिनाभर रोज रात्री अकरा वाजता बघत होते. शेवटी एका मंगळवारी पहाटेची मिळाली, दिल्लीला बदलून. वरचे कर तेवढे भरावे लागले. आईला पटेना. फुकट कसं देतील? मी तिला सगळं समजावून सांगितलं, इतकी उड्डाणं झाली की इतके पॉइंट, आणि इतके पॉइंट झाले की एक तिकीट. तिने शांतपणे ऐकून घेतलं. पोथीच्या पिशवीत गंगाजलासाठी रिकामी बाटली ठेवत म्हणाली, "म्हणजे तू घरात नव्हतीस, त्याचं हे." मला उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी मावशीने दशाश्वमेध घाटावरून फोटो पाठवला. दोघी पायऱ्यांवर बसलेल्या, आईच्या कपाळावर आडवं चंदन, केस वाऱ्याने उडालेले. तो फोटो अजून माझ्या फोनवर आहे, आणि कधी कुणी विचारलं की इतके पॉइंट जमवून काय केलंस, तर मी तोच दाखवते.

इथवर आले म्हणजे वाटतं, सापडलं. आपल्या दगदगीचं दुसऱ्याच्या सुखात रूपांतर करता येतं, हेच यातलं मोल. पण मग चंडीगड आठवतं आणि मला खरं काय ते कबूल करावं लागतं. आमच्यातल्या कुणालाही एकट्याला गाठून विचारा, लाउंज सोडशील का? सोडेल. पॉइंट? कुरकुरत का होईना, सोडेल. पुढची सीट, आधी येणारी बॅग, वाढदिवसाचा मेसेज, सगळं सोडेल. सोडणार नाही ते एकच. ज्या दिवशी सगळं कोलमडतं, त्या दिवशी गर्दीतून आपल्याला नाव घेऊन बाजूला बोलावणारं कुणीतरी असावं. हिवाळ्यात दहा डिसेंबर ते दहा फेब्रुवारी उत्तरेकडे धुक्याचे दिवस धरतात. त्या दोन महिन्यांत दोनदा जरी हे झालं तरी वर्षाची सगळी उठाठेव भरून पावल्यासारखी वाटते. धुकं हे नैसर्गिक कारण, त्याची नुकसानभरपाई कुणालाच नसते. तेव्हा उरते ती फक्त पुढच्या विमानातली जागा, आणि ती मोजकी असते. मला ती मिळाली याचा अर्थ ती रांगेतल्या कुणाला तरी मिळाली नाही. एरवी तो कुणीतरी दिसत नाही. त्या दिवशी तो माझ्या मागे मफलर बांधून उभा होता.

एसटीत याच आजी पंचाहत्तरीच्या पुढे असतील तर २०२२ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रभर फुकट फिरू शकतात. कंडक्टर आधार कार्ड बघतो, शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, आणि स्टँडवर कुणी तरणा पोरगा उठून जागाही देतो. पुढच्या दोन-तीन सीट ज्येष्ठांच्या म्हणून पाटी असते. ती पाटी पाळली जातेच असं नाही, भांडणंही होतात. पण आधी कुणाला बसवायचं यावर गावाने काहीएक ठरवलं आहे, एवढं त्या पाटीवरून कळतं. विमानतळावरच्या सोनेरी पाटीनेही ठरवलेलं आहे. जो जास्त येतो त्याला आधी. दोन्ही पाट्यांखाली मी उभी राहिले आहे. एसटीत मी उठून जागा देते, अगदी न विचारता, स्वारगेट ते साताऱ्यापर्यंत उभी राहिले आहे. मग चंडीगडला का उठले नाही?

मी स्वतःला कारणं पुष्कळ दिली. माझ्या नावाची सीट मी सोडली असती तरी ती आजींनाच मिळाली असती असं नाही. पुढच्या सोनेरी टॅगवाल्याला मिळाली असती. हे खरं आहे. पण मी विचारलं असतं तर त्या मुलीने काहीतरी केलं असतं का, हे मला कधीच कळणार नाही, कारण मी विचारलं नाही. दुसरं कारण मी दिल्लीच्या विमानात बसल्यावर शोधलं, की दिल्लीला विमान बदलणं त्या म्हाताऱ्या बाईंना एकटीला जमलं नसतं. आणि पट्टा लावता लावता मला आठवलं की रांगेत उभ्या असताना त्यांनीच सांगितलं होतं, "येताना दिल्लीला बदललं की. लिवल्यालं असतंय, न्हाई समजलं तर इचारायचं." हे त्यांनी मला सांगितलं होतं, मी हसून "छान" म्हटलं होतं, आणि वीस मिनिटांत सोयीस्कर विसरले होते. त्यांना सोमवारी टोळी गाठायची होती. ऊस तुटायचा राहिला की वजन घटतं, मग पुढचं सगळं गणित. आणि मला काय गाठायचं होतं?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मला काहीही काम नव्हतं.

दिल्लीच्या लाउंजमध्ये त्या संध्याकाळी गर्दी नव्हती. मी बशीत डाळखिचडी घेतली, वर लोणच्याची फोड, आणि खिडकीपाशी बसले. धावपट्टीवर पुन्हा धुक्याची पहिली झाक उतरायला लागली होती, दिव्यांभोवती कडी पडत होती. खिचडी गरम होती. मी दोन घास खाल्ले आणि मला एकदम आठवलं की त्यांचा डबा रिकामा होता. काउंटरवर कुणी काही खायला दिलं असेल का? मुलगा चंडीमंदिरहून न्यायला परत आला असेल का? त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं. त्यांनी माझं विचारलं होतं.

पुण्यात रात्री दीड वाजता उतरले. पट्टा सुरू झाला आणि पहिलीच बॅग माझी आली, सोनेरी टॅग डुलवत. बाकीचे लोक अजून पेंगत उभे होते. मी बॅग उचलली आणि बाहेर थंडीत येऊन उभी राहिले.

रविवारी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा ॲप उघडलं. माझ्या प्रवासांच्या पानावर काहीच नव्हतं. मग वर शोधायच्या चौकटीत चंडीगड ते पुणे घातलं आणि तारीख त्या दिवसाची. विमान दुपारी एकचं होतं. पुढे लाल अक्षरांत नवी वेळ, तीन वीस. मी चहा केला. साडेअकराला परत बघितलं, चार दहा. नवऱ्याने विचारलं, कुणी येतंय का? मी म्हटलं, नाही. दुपारी कपडे वाळत घालताना फोन पिनांच्या डब्यापाशी ठेवला होता. साडेचार वाजता तिथे 'निघाले' असं आलं, आणि नकाशावर छोटंसं विमान दिसायला लागलं. राजस्थानावरून खाली सरकत, मग मध्य प्रदेश, मग नाशिकच्या वर. सात वाजायला आले तेव्हा मी गच्चीवर गेले. आमच्या भागावरून विमानं उतरतात. एक दिवा दिसला, मोठा होत गेला, घरावरून गरगरत लोहगावकडे खाली गेला. तेच विमान होतं की दुसरं, मला सांगता येणार नाही. खाली येऊन ॲप बघितलं तर 'उतरले' असं होतं. सात वाजून सहा मिनिटं.

साताऱ्याची शेवटची एसटी स्वारगेटहून किती वाजता सुटते, ते मी मग शोधत बसले.